ईशान्येचा दगड

१

शाळिग्राम गेल्याचं पहिल्यांदा कळलं ते ज्ञानू गुरवाला. पण कुणाला काही सांगण्याआधी त्यानं उरलेल्या चार देवांना पाणी घातलं, गंध लावलं, बेल वाहिला, आणि मगच बाहेर येऊन देवळाच्या पायरीवर बसला. "देव न्हाई," एवढंच तो येईल त्याला सांगत राहिला.

बघता बघता अर्धी तळकोशी देवळापुढं जमली.

तळकोशी हे शिराळा तालुक्यातलं, वारणेच्या अंगाचं, उसाचं गाव. इथल्या शंभूच्या गाभाऱ्यात तांब्याच्या मोठ्या ताम्हणात पाच दगड असतात. मूर्ती नाही, कुणी घडवलेलं काही नाही. मधोमध शंकर म्हणून नर्मदेतला बाण, लांबट, अंड्याच्या घाटाचा. त्याच्या ईशान्येला विष्णू म्हणून गंडकीतला काळा, वाटोळा शाळिग्राम. बाकीच्या तीन कोपऱ्यांत सूर्याचा स्फटिक, गणपतीचा तांबडा दगड आणि देवीचा सोनेरी झाक असलेला दगड. याला पंचायतन म्हणतात. गुरवाशिवाय त्यांची कुणी कधी फारशी विचारपूस केली नव्हती.

मग सिनेमावाले आले. कोयनानगरच्या घाटात त्यांनी गाड्या दरीत ढकलल्या, तळकोशीच्या देवळात मशाली पेटवल्या, आणि त्यांच्या नायकाला नाग डसला तेव्हा शाळिग्रामानं त्याच्या दंडातलं सगळं विष ओढून घेतलं. सिनेमा घरोघरी मोबाईलवर पोचला. त्यानंतर दर सोमवारी देवळापुढं गाड्या लावायला जागा उरेना. ट्रस्ट झाला, रांगेचे बांबू आले, गाभाऱ्याला लोखंडी दार आणि कुलूप लागलं.

आता महाशिवरात्र तोंडावर आलेली, आणि ताम्हणात ईशान्येची जागा मोकळी.

कुलूप फोडलेलं नव्हतं. दाराच्या कडीत मात्र काळ्या लोकरीचा झुबका अडकला होता. तो आधी दिसला शिवतेजला. शिवतेज म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष लालासाहेब यांचा पुतण्या. देवळाचे व्हिडिओ काढून ट्रस्टच्या चॅनेलवर टाकायचं काम त्याच्याकडं होतं.

"घोंगड्याची लोकर हाय ही," तो म्हणाला.

सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. ओढ्यापलीकडं, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात धुळा धनगराची मेंढरं बसली होती. मागच्या पंधरवड्यात धुळाच्या पोरीला, समीक्षाला, साप चावला होता. तिला याच देवळात आणलं होतं, आणि याच देवळात तिनं जीव सोडला होता.

दोघातिघांनी काठ्या उचलल्या. लालासाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"कायदा हातात घ्यायचा न्हाई," ते म्हणाले. "मेजरला बोलवा."

२

गावात पलटणीतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. संयोगिता मात्र खरोखर मेजर होत्या. लष्कराच्या इस्पितळांत नर्स म्हणून त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, जम्मूत आणि पुण्यात. निवृत्तीनंतर त्या गावी आल्या आणि गावानं त्यांना तंटामुक्ती समितीचं अध्यक्ष केलं, कारण भांडणारे दोघेही त्यांना घाबरायचे.

लालासाहेबांनी त्यांना ट्रस्टच्या खोलीत बसवलं. भिंतीवर सत्कारांचे फोटो होते. कुठं फेटा बांधलेले लालासाहेब, कुठं तलवार धरलेले, कुठं खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी, कुठं कुणा मंत्र्याशेजारी हार घालून.

"माणसाचा राग मी समजू शकतो," लालासाहेब म्हणाले. "ज्या दगडानं पोरगी वाचवली न्हाई, त्योच दगड त्यानं उचलला. बाकीच्या चारांना हात न्हाई लावला. यात आणखी काय शोधायचं?"

"तुमी होता का त्या दिवशी देवळात?"

"मी सांगलीला गेलतो, मीटिंग होती. आलो तवर सगळं आटपलं हुतं."

"कुलपाच्या किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडं, एक ज्ञानूच्या करदोऱ्याला." लालासाहेबांनी आवाज उतरवला. "ज्ञानू भोळा हाय. पोरीच्या आईबापाचं रडणं त्यानं बघितलंय. त्यानंच दिली आसंल किल्ली. सांजच्या आत सांगा मेजर. सांज झाल्यावर ही पोरं माझंबी ऐकायची न्हाईत."

दाराशी शिवतेज उभा होता. संयोगितांनी त्याला बाहेर घेतलं.

"समीक्षाला आणलं त्या दिवशी तू व्हिडिओ काढलास म्हणं."

"काढलता. पुसला."

"कुणी पुसायला लावला?"

"कुणी न्हाई. मलाच बघवंना." तो नखं खात होता. "चॅनेलवर टाकलाच न्हाई."

"काकांनी बघितला?"

"त्यांनी न्हाई, कुणीच न्हाई. ती मेल्यावर लगेच पुसला. काकांना नुसतं सांगितलं, दगड लावला, पण गुण आला न्हाई."

"आणि तिला देवळात कुणी आणलं?"

शिवतेजनं खिशातला मोबाईल उगाच काढून पाहिला. "तिच्या बापानं," तो म्हणाला, आणि मागं न बघता निघून गेला.

३

धुळा आटपाडीकडचा. पाऊसकाळ सरला की मेंढरं घेऊन वारणेच्या पट्ट्यात उतरायचा, आणि लोक आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. यंदा तो पृथ्वीराज सरांच्या रानात होता. संयोगिता गेल्या तेव्हा तो मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या, वाघराच्या मेखा ठोकत होता. त्याची बायको भामाबाई एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"धुळा, देवळातला दगड गेलाय."

"आयकलं," धुळा म्हणाला. "मला मारायला येणार हायती, ते बी आयकलं."

"तुझं घोंगडं दाखव बघू."

धुळा उभाच राहिला. त्याच्या अंगावर एक विटकी चादर होती, बाजारातली, फुलाफुलांची. माघाच्या गारठ्यात कुठला धनगर अशी चादर पांघरत नाही, हे संयोगितांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"घोंगडं न्हाई आता," तो म्हणाला. "एकच हुतं. तिला गुंडाळलं त्यात. मातीत गेलं तिच्यासंगं."

भामाबाईच्या हातातली बाटली तिरकी झाली. कोकरू मान ताणून दूध शोधू लागलं.

संयोगिता खाली बसल्या. त्यांनी आजवर कितीतरी जवानांच्या आयांसमोर असंच बसून घेतलं होतं. बसल्यावर काय बोलावं, ते त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं.

"त्या दिवशी काय झालं ते सांग. पहिल्यापासनं."

"दुपारची येळ. बांधाला जळण गोळा करत हुती. नाग हुता, म्या बघितला. सरांच्या गड्याची फटफटी घिऊन तिला मधी बसवलं, हिला मागं, आन निघालो दवाखान्याला. शिराळ्याच्या रस्त्याला."

"दवाखान्याला?"

"व्हय. देवळाला कशाला? आमास्नी काय कळत न्हाई व्हय?" धुळाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "फाट्यावर त्या पोरानं गाडी आडवी लावली. शिवतेजनं. कानाला मोबाईल हुता त्येच्या. म्हणला, डाक्टर न्हाई, लस संपलीया, जाऊ नगासा, सांगलीपतोर पोरगी टिकायची न्हाई, देवळात चला. म्हणला, शिनेमात बघितलं न्हाई का. म्या फिरवली गाडी."

"कानाला मोबाईल होता म्हणजे कुणाशी बोलत होता?"

"मला काय ठावं? 'व्हय व्हय, फिरिवतो' आसं म्हणत हुता."

संयोगितांनी भामाबाईकडं पाहिलं. ती अजूनही त्यांच्याकडं बघत नव्हती.

"पोलिसात का नाही गेलास?"

"सर म्हणत्यात, कायदा हाय. साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ दिलं न्हाई तर गुन्हा हाय म्हणं. शिवरात्र झाली की ठाण्यात जाऊ म्हणालेत. त्यांनी लालासायबांच्या तोंडावर सांगितलंय तसं."

"कधी सांगितलं?"

"परवा," धुळा म्हणाला.

शाळिग्राम गेला त्याच्या आदल्याच दिवशी.

४

पृथ्वीराज सरांनी सांगलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर ते मळ्यातल्या घरात राहत. डावा हात मांडीवर ठेवून ते संयोगितांकडं बघत राहिले, आणि मग न विचारताच बोलू लागले.

"सिनेमावाले माझ्याकडंच आले होते. दोन दिवस बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. हे पाच दगड कुणा कारागिरानं घडवलेले नाहीत, नद्यांनी आणि डोंगरांनी घडवलेत. बाणाची आणि शाळिग्रामाची तर प्राणप्रतिष्ठाही करत नाहीत. ज्याला जो देव आवडतो त्याचा दगड मध्ये, बाकीचे चार भोवती. उद्या दुसरा माणूस दुसरा दगड मध्ये ठेवील. मधला मोठा असतो म्हणून नाही. माणसाला कुठंतरी नजर ठेवावी लागते म्हणून. पाचही एकाच गोष्टीकडं बघायच्या खिडक्या. खिडकीत शक्ती नसते, हे मी त्यांना हजारदा सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला, आणि जाऊन खिडकीचंच शस्त्र केलं."

"सर, मला एकच सांगा. सिनेमात दाखवलेला दगड कसा होता? मी सिनेमा बघितला नाही."

सर कडवट हसले. "कसा म्हणजे? नाव शाळिग्रामाचं आणि आकार बाणाचा. शाळिग्राम वाटोळा, मुठीत झाकून जातो. नायकाच्या मुठीतून बाहेर दिसायला त्यांना लांबट दगड हवा होता. मग घाट बाणलिंगाचा घेतला, रंग निळा दिला, आणि त्याला म्हणायचं शाळिग्राम. विष प्यायलं शंकरानं, आणि ते दिलं विष्णूच्या नावावर. मी पत्रावर पत्रं पाठवली. कुणाला काय त्याचं."

नाव एकाचं आणि रूप दुसऱ्याचं, हे संयोगितांनी मनात दोनदा घोळवलं.

"समीक्षाला चावलं तेव्हा तुम्ही इथंच होता?"

"इथंच. धुळा निघाला तसा मी शिराळ्याच्या सरकारी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर स्वतः बोलले, लगेच पाठवा म्हणाले. मी निवांत झालो. संध्याकाळी कळलं की ती पोचलीच नाही." त्यांनी उजव्या हातानं डावा हात सरळ केला. "मी इथं बसून निवांत झालो होतो, संयोगिता."

संयोगितांनी शिराळ्याला गाडी घातली. दवाखान्यातल्या सिस्टर ओळखीच्या होत्या. त्यांना तो दिवस चांगला आठवत होता.

"लस भरपूर होती मॅडम. फोन आल्यावर आम्ही पलंग तयार केला, सलाईन लावून ठेवलं, डॉक्टर जेवायचे थांबले. किती वेळ वाट बघितली. शेवटी लस परत फ्रीजमध्ये ठेवली. आम्हाला वाटलं, खाजगीत नेली असेल."

म्हणजे शिवतेज फाट्यावर खोटं बोलला होता. पण 'व्हय व्हय, फिरिवतो' हे त्यानं मोबाईलवर कुणाला सांगितलं होतं? आणि पोरीला आडवणारा आणि दगड पळवणारा एकच होता का?

गाडीत बसता बसता संयोगितांना ज्ञानू आठवला. सकाळपासून सगळे त्याच्या किल्लीबद्दल विचारत होते. त्या दिवशी त्यानं काय केलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

५

ज्ञानू देवळामागं बेलाच्या झाडाखाली बसला होता. गावातली पोरं त्याला दोनदा धक्काबुक्की करून गेली होती. सदऱ्याची बाही उसवली होती. किल्ली करदोऱ्यालाच होती.

"ज्ञानूमामा, मला खरं सांगा. समीक्षाच्या पायावर दगड तुमी ठेवला?"

"म्याच." त्याची मान हलत होती. "म्या म्हणलं, न्या तिला दवाखान्यात. शिवतेज म्हणला, काकांचा हुकूम हाय, मंगळवारी टीव्हीवाले येणारेत, तवर पोरगी बरी झाल्याचं दाखवायचं. म्या गुरव. ट्रस्टनं ठेवला तर देवळात, काढला तर रस्त्यावर."

"शाळिग्राम ठेवला?"

ज्ञानूनं प्रथमच वर पाहिलं. "न्हाई ओ. शाळिग्राम कुठं? शाळिग्राम म्या उचलला हुता, तर पोरीची आय म्हणली, ह्यो न्हवं, त्यो लांबटवाला, शिनेमात त्योच हाय. बोट दाखिवलं तिनं. म्या बाण उचलला. शंभूला जाग्यावरनं कवा हलवला नव्हता म्या. उचलला आन पोरीच्या घोट्यावर धरला. तिच्या पापण्या मिटाय लागल्यावत्या. मला म्हणली, आजा, लय गार लागतोय."

संयोगितांनी डोळे मिटून घेतले. पापण्या मिटायला लागल्या म्हणजे नागाचं विष चढायला लागलं. लस दिली असती तर अजूनही वेळ होता. शिराळा तिथून हाकेच्या अंतरावर.

"तवा गाभाऱ्यात कोण कोण होतं?"

"मी, धुळा, त्याची बायकू, आन शिवतेज मोबाईल घिऊन. बाकीच्यास्नी दार लावून भाईर ठेवलं हुतं."

"आणि गावात कुणाला ठाऊक आहे, कुठला दगड ठेवला ते?"

"इचारलंच न्हाई कुणी. दगड म्हणलं की सगळ्यास्नी शाळिग्रामच वाटतो." त्यानं उसवलेली बाही सारखी केली. "म्या बी न्हाई सांगितलं. शंभूनं बी वाचवली न्हाई, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

संयोगिता उठल्या. उन्हं कलायला लागली होती. ओढ्याकडनं मोटारसायकली एकत्र सुरू झाल्याचा आवाज येत होता.

६

देवळाच्या सभामंडपात लालासाहेब खुर्चीवर होते. समोर काठ्या घेतलेली पोरं, बाजूला बायका. संयोगितांनी शिवतेजला आणि ज्ञानूला पुढं उभं केलं.

"चोर सापडला?" लालासाहेबांनी विचारलं.

"सापडला. आधी गावासमोर एका गोष्टीचा निकाल लावूया. लालासाहेब, धुळानं दगड का चोरला असेल?"

"सकाळीच सांगितलं की. लेकीच्या पायावर ठेवलेला दगड त्याला डोळ्यांसमोर नको झाला."

"म्हणजे कुठला दगड?"

"शाळिग्राम. आणखी कुठला?"

सभामंडपात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त ज्ञानूनं मान खाली घातली, आणि शिवतेजनं काकांकडं असं पाहिलं की संयोगितांना जे हवं होतं ते मिळालं.

"शिवतेज, तू सांग. कुठला दगड ठेवला होता?"

"बाण," तो म्हणाला. "लांबटवाला."

कुजबूज उठली आणि विरली.

"बाण अजून ताम्हणात आहे," संयोगिता म्हणाल्या. "सूड घ्यायचा असता तर धुळानं बाण नेला असता. तो तिथं होता. त्यानं डोळ्यांनी बघितलंय, लेकीच्या घोट्यावर काय धरलं ते. ज्ञानूमामांना धुळावर आळ घ्यायचा असता तर त्यांनीबी बाणच लपवला असता. शिवतेजनंही बाणच नेला असता. शाळिग्राम नेला तो अशा माणसानं, ज्याला धुळाचा सूड रचायचा होता, पण ज्यानं त्या दिवशी गाभाऱ्यात काय झालं ते बघितलंच नव्हतं. त्यानं नुसतं ऐकलं होतं, दगड लावला. आणि दगड म्हणजे त्याच्या डोक्यात सिनेमातला शाळिग्राम."

"चोरीच करायची आसंल कुणाला," कुणीतरी मागून म्हणालं. "इकायला."

"विकायला नेणारा कडीत घोंगड्याची लोकर अडकवून जात नाही. ती लोकर मुद्दाम लावलेली आहे. कारण धुळाकडं घोंगडंच नाही. त्याचं एकुलतं घोंगडं त्याच्या लेकीबरोबर पुरलंय." त्यांनी लालासाहेबांकडं पाहिलं. "कुलूप किल्लीनं उघडलं. एक किल्ली ज्ञानूमामांची. ते त्या दिवशी गाभाऱ्यात होते, कुठला दगड ठेवला ते त्यांना ठाऊक. दुसरी किल्ली तुमची, आणि तुमी त्या दिवशी सांगलीत होता. परवा सरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं की धुळा फिर्याद देणार. शाळिग्राम चोरणाऱ्या माणसाची फिर्याद कोण ऐकणार? मेंढरं हाकलून दिली की फिर्यादही गेली. लालासाहेब, सत्कारात मिळालेलं घोंगडं कुठं आहे तुमचं? आणून दाखवता का?"

लालासाहेब हसले. उठले नाहीत. "मेजर, ही सगळी गोष्ट तुमच्या डोक्यातली हाय."

"ट्रस्टच्या कपाटात हाय घोंगडं," शिवतेज एकदम म्हणाला. तो रडत होता. "काका, तुमी मला म्हणला हुता, पोरगी बरी हुईल, फकस्त फाट्यावरनं फिरव. लस न्हाई म्हणून सांग म्हणला. ती माझ्याकडं बघत हुती ओ शेवटपतोर. मोबाईलकडं."

ज्ञानू शिवतेजला घेऊन ट्रस्टच्या खोलीत गेला आणि कपाटातलं घोंगडं सभामंडपात घेऊन आला. घोंगड्याची घडी उलगडली तशी कोपऱ्यातली लोकर उपटलेली दिसली, आणि आतून शाळिग्राम घरंगळून फरशीवर आला.

संयोगितांना वाटलं होतं, आता गाव काहीतरी बोलेल. गाव बोललं नाही. एका बाईनं पळत जाऊन शाळिग्राम उचलला आणि डोक्याला लावला. दुसरीनं तांब्या आणला. "देव घरातच हुता म्हणा की," कुणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. काठ्या खाली आल्या. कुणी घंटा वाजवली. लालासाहेब खुर्चीवरच होते; दोन माणसं त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. समीक्षाचं नाव कुणी घेतलं नाही.

ज्ञानू एकटा ताम्हणापुढं उभा राहिला. त्यानं शाळिग्राम ईशान्येला ठेवला आणि पूजा न करताच बाहेर निघून गेला.

७

दिवस मावळायच्या आत संयोगिता मेंढरांकडं गेल्या. धुळा बिऱ्हाड आवरत होता.

"मोकळा झालास," त्या म्हणाल्या. "आता फिर्याद दे. मी येते बरोबर. सरही जबाब देतील."

धुळानं दोराची गाठ मारली. "सोडा मेजर. पुढल्या साली हितंच यायचंय आमाला. चरायचं रान हितंच हाय."

तेव्हा भामाबाई पहिल्यांदा बोलली. ती चुलीपुढं बसली होती आणि चूल पेटवलेली नव्हती.

"दवाखान्यात नेली आसती तर वाचली आसती का?"

संयोगितांना दोन उत्तरं दिसत होती. नाही म्हटलं असतं तर या बाईला रात्री झोप लागली असती, आणि लालासाहेब शिवरात्रीला पालखीपुढं चालले असते. त्यांनी आयुष्यभर आयांना सांगितलं होतं, फार त्रास झाला नाही, काही करता येण्याजोगं नव्हतं. कधी ते खरंही होतं.

"वाचली असती," त्या म्हणाल्या. "डॉक्टर थांबले होते. लस काढून ठेवली होती."

भामाबाईनं काही केलं नाही. रडली नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. खूप वेळ ती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि त्या नजरेत आभार नव्हते. मग ती उठली, पदर खोचला.

"चला. कुठं सही करायची?"

"अगं," धुळा म्हणाला.

"तुमी मेंढरं बघा," ती म्हणाली.

ठाण्यातल्या हवालदारानं जबाब लिहायला घेतला. फाट्यावर कुणी आडवलं, काय म्हणाला, देवळात कुणी नेलं, दार कुणी लावलं, सगळं भामाबाई एकेक शब्द तोलून सांगत गेली. हवालदार लिहीत गेला. शेवटी त्यानं पेन टेकवलं.

"बास? आणखी काही?"

"हाय की," भामाबाई म्हणाली. "गुरवानं वाटुळा दगड उचललावता. म्या म्हणलं ह्यो न्हवं, त्यो लांबटवाला. बोट मी दाखिवलं. ते बी लिवा."

हवालदारानं संयोगितांकडं पाहिलं. हे लिहिलं तर उद्या आरोपीचा वकील हेच वाक्य वाचून दाखवणार, हे त्यालाही कळत होतं. संयोगिता तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं झाल्या. भामाबाईनं खांदा काढून घेतला.

"त्या सांगतात तसं लिहा," संयोगिता म्हणाल्या, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.